वजन तेच, तरी खुर्चीतून उठणं जड का जातं? चाळिशीनंतर स्नायू आणि हालचाल टिकवण्याची पद्धत

पस्तिशीत ७० किलो आणि पासष्टीतही ७० किलो. काट्यावरचा आकडा हलला नाही म्हणजे शरीर तसंच राहिलं, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात या तीस वर्षांत चार-पाच किलो स्नायू जाऊन त्यांची जागा चरबीने घेतलेली असू शकते. काट्याला त्याचा पत्ता लागत नाही. जिना चढताना, जमिनीवरून उठताना, गाडीतून बाहेर पडताना तो लागतो.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद स्नायूंच्या आकारापेक्षा लवकर उतरते आणि झटकन जोर लावण्याची क्षमता त्याहूनही लवकर. पडण्याशी सगळ्यात जवळचा संबंध या तिसऱ्या गोष्टीचा आहे. ठेच लागल्यावर तोल सावरायला पाऊल पुढे पडायचं असतं ते सेकंदाच्या आत. पायात ताकद असूनही ती वेळेवर पोचली नाही, तर माणूस पडतोच.

यामागची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. वेगाने आकुंचन पावणारे स्नायूतंतू आधी बारीक होतात. मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणाऱ्या काही चेतापेशी मरतात आणि त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. त्यातले काही शेजारच्या चेतापेशी सांभाळून घेतात, बाकीचे सुकतात. जेवणातल्या प्रथिनांना स्नायू पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. रजोनिवृत्तीनंतर चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. काही चरबी थेट स्नायूंच्या आत शिरते, म्हणून बाहेरून तेवढीच जाड दिसणारी मांडी आतून कमकुवत असू शकते. या सगळ्यावर बसून राहण्याची भर पडते, आणि आपल्या हातात मुख्यतः हीच गोष्ट असते.

‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतो’ हे वाक्य मात्र सोडून द्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात शरीराच्या आकाराचा आणि स्नायूंचा हिशेब धरल्यावर दिसलं, की ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर राहतो आणि त्यानंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरतो. पंचेचाळिशीत पोट सुटतं ते कमी हालचालीमुळे, घटलेल्या स्नायूंमुळे आणि न बदललेल्या ताटामुळे.

आधी मोजा

सगळ्या चाचण्यांतून एकच निवडायची असेल तर खुर्चीची निवडा. हात नसलेली, सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. मधोमध बसा, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, दोन्ही हात छातीवर फुली मारून. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजा. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. इथे सूट देऊ नका, कारण तो आधारच मूळ दुखणं लपवतो.

६० ते ६४ वयात पुरुषांना १४ पेक्षा कमी आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा जास्त धरतात. ६५ ते ६९ साठी हे आकडे १२ आणि ११, ७० ते ७४ साठी १२ आणि १०, ७५ ते ७९ साठी ११ आणि १०, तर ८० ते ८४ साठी १० आणि ९ आहेत. पन्नाशीतल्या माणसाला १४ सुद्धा जमत नसतील, तर साठीची वाट बघत बसू नका.

आकड्याइतकंच महत्त्व उठण्याच्या ढबीला आहे. म्हणून कुणाला तरी बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. चार गोष्टी बघा. उठायच्या आधी धड झोका घेतल्यासारखं पुढे-मागे होतं का? तसं असेल तर मांड्यांची कमतरता गतीने भरून काढली जाते आहे. गुडघे आत एकमेकांकडे झुकतात का? मग खुब्याच्या बाजूचे स्नायू कमकुवत आहेत. टाचा उचलल्या जातात का? घोटा पुढे वाकत नसावा. आणि बसताना शेवटच्या वीतभर अंतरात शरीर धपकन सोडून दिलं जातं का? ही सगळ्यात आधी दिसणारी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी खूण आहे. उठता येतं म्हणून माणूस निश्चिंत असतो, पण खाली जाताना स्वतःचं वजन पेलण्याची ताकद निघून गेलेली असते.

दुसरी चाचणी चालण्याच्या वेगाची. १० मीटरचा सरळ पट्टा घ्या, पहिले आणि शेवटचे २ मीटर सोडा आणि मधल्या ६ मीटरला नेहमीच्या चालीने किती सेकंद लागतात ते बघा. ६ सेकंदांपेक्षा जास्त, म्हणजे सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेग, ही स्नायूंची झीज ओळखण्यासाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेली धोक्याची रेषा. युरोपीय गटाची रेषा ०.८ मीटरची आहे. चाचणी आहे म्हणून तरतरा चालू नका, तसं केलं तर मोजण्याला अर्थ उरत नाही.

तोल बघण्यासाठी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला चिकटवून, भक्कम टेबलाच्या शेजारी उभे राहा. १० सेकंद टिकलं नाही तर तोलाच्या व्यायामाला वेगळा वेळ काढावा लागेल.

टेपने दोन मापं घ्या. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. १६० सेंटिमीटर उंचीला ८० च्या आत. पोटरीचा सगळ्यात जाड भाग आशियाई निकषांनुसार पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर स्नायू कमी असल्याची शंका घ्यावी. पायाला सूज असेल किंवा चरबी जास्त असेल तर हे माप फसवं ठरतं. कंबर वाढलेली आणि पोटरी बारीक, ही जोडी सगळ्यात वाईट, कारण कमी झालेल्या स्नायूंना जास्त ओझं वाहावं लागतं.

घरातले ‘चरबीचे टक्के’ दाखवणारे काटे शरीरातून हलका विद्युतप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून चरबीचं गणित मांडतात. पाणी कमी प्यायलात, नुकताच व्यायाम केलात, की आकडा हलतो. वापरायचाच असेल तर सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वापरा आणि दोन-तीन महिन्यांचा कल तेवढा बघा. नेमकं माप हवं असेल तर डेक्सा स्कॅन आहे. त्यात हाडांची घनताही कळते आणि क्ष-किरणांची मात्रा अगदी कमी असते.

आधी डॉक्टरांकडे कधी जायचं

वय ताकद हळूहळू उतरवतं. काही आठवड्यांत पाय गळाले, एकाच बाजूची ताकद गेली, पाय बधिर झाले, प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, चालताना छातीत दुखू लागलं, किंवा वर्षभरात दोनदा पडलात, तर व्यायामाआधी तपासणी करून घ्या. उठल्यावर चक्कर येत असेल तर पडून असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर औषधांची यादी तपासायला हवी. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधं यांचा इथे बऱ्याचदा हात असतो. मात्र कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

ताकदीचे व्यायाम: गाभा इथे आहे

रोज तासभर चालणारी माणसंही खुर्चीच्या चाचणीत अडखळतात. चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलं, पण प्रत्येक पावलात मांडीला फार थोडा जोर लागतो. स्नायू टिकतात ते त्यांना जड वाटेल असं काम दिल्यावर. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, अर्धा-पाऊण तास पुरतो.

जड म्हणजे किती? प्रत्येक सेटच्या (न थांबता केलेल्या एका फेरीच्या) शेवटी असं वाटलं पाहिजे की आणखी दोन-तीनदाच जमलं असतं. दहा वेळा करून थांबलात आणि अजून दहा सहज झाले असते, तर तो सराव झाला, ताकदीचा व्यायाम झाला नाही. एक किलोचे डंबेल घेऊन वर्षभर तेच हात हलवणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. भीती मात्र उलट बाजूची असते, ‘या वयात वजन उचललं तर काहीतरी होईल’ अशी. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात वृद्धाश्रमातल्या, सरासरी ९० वर्षं वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा व्यायाम दिला होता. वजन होतं त्यांना एकदा उचलता येईल त्या कमाल वजनाच्या सुमारे ८० टक्के. मांडीची ताकद सरासरी अडीच पटीपेक्षा जास्त झाली. व्यायाम थांबल्यावर ती पुन्हा उतरू लागली, हेही त्याच प्रयोगात दिसलं.

खुर्चीतून उठणं हाच पहिला व्यायाम. त्याच्या पायऱ्या अशा चढा. हाताशिवाय उठता येत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. ८ वेळांचे ३ सेट जमले की उशी काढा. मग बसताना मनात तीन आकडे मोजत, न आपटता बसा. हे जमायला दोन-तीन आठवडे लागतील आणि मांड्या दुखतील. त्यानंतर छातीशी २ किलो वजन धरा, मग ४, मग ६. मग एक पाऊल थोडं पुढे ठेवून मागच्या पायावर जास्त भार घ्या. १२ वेळांचे ३ सेट व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी नीट झाले, की पुढची पायरी. उठताना पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या आणि नाक पावलांच्या रेषेपर्यंत पुढे आणा. पावलं पुढे राहिली तर कितीही जोर लावला तरी शरीर मागे ओढलं जातं. ‘ताकदच नाही’ म्हणून हताश झालेल्या कित्येकांची अडचण एवढीच असते.

पोटऱ्यांसाठी भिंतीला बोटं टेकवून टाचा उचला. वर एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली या. दोन्ही पायांवर १२ चे ३ सेट सोपे झाले की एका पायावर. पुढचं पाऊल ढकलण्याचं काम पोटरी करते. ती थकली की पावलं आखूड पडतात आणि माणूस पाय घासत चालतो.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठड्याला धरून एक पाय ठेवा आणि फक्त त्याच पायाच्या जोरावर वर चढा. खालच्या पायाने उडी मारून मदत करू नका. चोरी नेमकी तिथे होते. प्रत्येक पायाला ८ ते १० वेळा. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलण्याचा व्यायाम नितंबांच्या स्नायूंसाठी, १२ चे २ सेट. वरच्या अंगासाठी भिंतीला हात टेकवून दंड काढा, आणि दाराच्या भक्कम कडीला रबरी पट्टा अडकवून कोपर मागे ओढा. ओढायचा व्यायाम बरेच जण गाळतात आणि मग खांदे पुढे येत राहतात.

दोन गोष्टी कायम लक्षात ठेवा. जोर लावताना श्वास बाहेर सोडा, रोखून धरलात तर रक्तदाब उसळतो. आणि गुडघा दुखत असेल तर दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालेल, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत झालं पाहिजे. नाही झालं, तर खुर्ची उंच करा, वजन कमी करा, व्यायाम सोडू नका.

सहा-आठ आठवडे असे गेले की वेग आणा. उठताना शक्य तितकं झपकन उठा, बसताना सावकाश बसा. वजन थोडं कमी घ्या, ६ ते ८ वेळांचे २ सेट पुरे. झटकन जोर लावण्याची हरवलेली क्षमता यातून परत येते. पण आधीचे आठवडे गाळून थेट इथे येऊ नका, स्नायुबंधांना वेळ लागतो.

घोटा, खुबा, तोल

घोटा किती वाकतो ते असं बघा. भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल हळूहळू मागे न्या. अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर असताना गुडघा टेकला तर ठीक. पाच-सहावरच अडकत असेल तर रोज हीच हालचाल प्रत्येक पायाने १५ वेळा करा. दिवसभर बसून खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात, त्यामुळे पाय मागे जात नाही आणि चाल छोटी होते. एक पाय मागे घेऊन, नितंब आवळून, कंबर न वाकवता ३० ते ६० सेकंद ताण द्या, दोनदा. पाठीला बाक आला तर ताण भलतीकडेच जातो.

तोलाचा सराव आठवड्यातून निदान तीन दिवस करा. टाच-अंगठा जोडून उभं राहणं, मग एका पायावर, मग मान डावी-उजवीकडे वळवत. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ करून आणि समोर खुर्ची ठेवून करा. अजिबात डुलत नसाल तर ती पायरी सोपी झाली. तोल थोडा जायला हवा आणि तुम्हाला तो सावरता यायला हवा.

याशिवाय आठवड्याला १५० मिनिटं दम थोडा वाढेल असं चालणं हवंच. त्यात अधूनमधून एकेक मिनिट भरभर चाला.

ताटात काय

प्रौढांसाठी प्रथिनांचं नेहमीचं प्रमाण दर किलो वजनाला ०.८ ग्रॅम सांगतात. पासष्टीनंतर तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात; आजारपणात किंवा कुपोषणात १.५ पर्यंत. ६५ किलोच्या माणसाला १.२ प्रमाणे ७८ ग्रॅम. हे तीन जेवणांत २६-२६ असं वाटा, कारण वय वाढल्यावर स्नायूंना जागं करायला एका वेळी जास्त प्रथिनं लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात ८, १०० ग्रॅम शिजलेल्या कडधान्यात ७ ते ९, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये ३० च्या आसपास. हिशेब मांडून बघितलात तर बहुतेकांची सकाळ कोरडी निघते, म्हणून सुरुवात न्याहारीपासून करा. दात दुखतात म्हणून चावायचे पदार्थ सुटले असतील तर आधी दातांचा इलाज, तोवर मऊ शिजवलेलं आणि दुधाचं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

वजन उतरवायचं असेल तर अधिक सावध राहा. नुसत्या उपाशी राहण्याने जे वजन जातं, त्यातला साधारण पाव हिस्सा चरबीविरहित असतो, आणि पुन्हा वाढताना मुख्यतः चरबी येते. दोन-तीनदा असं झालं की माणूस त्याच वजनाला पूर्वीपेक्षा दुबळा होतो. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवू नका आणि ताकदीचा व्यायाम चालू नसेल तर आहार कमी करायला सुरुवातच करू नका. सत्तरीपुढे, वजन फार जास्त नसेल तर काटा सोडून खुर्चीच्या आकड्याकडे बघा.

पावडरी आणि गोळ्यांपैकी क्रिएटिनचा, रोज ३ ते ५ ग्रॅम, थोडा फायदा होतो, तोही व्यायाम चालू असेल तरच. ते घेत असाल तर रक्ततपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्याने मूत्रपिंडाच्या तपासणीतला क्रिएटिनीनचा आकडा वाढून दिसतो आणि मूत्रपिंडाबद्दल नाहक शंका येते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं, पण जास्त घेतल्याने ताकद वाढत नाही.

किती दिवसांत फरक

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढते ती मेंदू आणि चेता आहेत तेच स्नायू जास्त चांगले वापरू लागतात म्हणून. मांडी भरायला आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणून चाचण्या दर आठ आठवड्यांनी, त्याच खुर्चीवर, साधारण त्याच वेळी. आकडा दोनदा हलला नाही तर आधी वजन वाढवलं होतं का ते बघा, मग सकाळची प्रथिनं, मग झोप.

आजारपण आलं तर

कमावलेलं सगळ्यात वेगाने जातं ते अंथरुणात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांनी दहा दिवस अंथरुणात काढले, तेव्हा त्यांच्या पायांतली जवळपास एक किलो स्नायूंची संपत्ती गेली. तेव्हा डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जेवण खुर्चीत बसून करा. दर तासाला पावलं वर-खाली २० वेळा, मांडी आवळून पाच सेकंद धरणं १० वेळा. उभं राहता येत असेल तर दिवसातून तीनदा, पाच-पाच वेळा खुर्चीतून उठा. ताप उतरून दोन दिवस झाले की आधीच्या निम्म्या वजनाने आणि एका सेटने सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्वीच्या पायरीवर या. पहिल्या दिवशी खुर्चीवर पुन्हा उशी ठेवावी लागली तर ठेवा.